सोळाचा आकडा

परवा आईचा फोन आला तेव्हा मी एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात छोटा टॉर्च घेऊन एका रेकॉर्डवर ओणवा झालो होतो. फोन स्पीकरवर टाकला.

"काय करतोयस?"

"काही नाही, जरा काम."

"ऑफिसचं?"

"हं."

खोटं बोलावं लागतं हो. अठ्ठावीस वर्षांचा, बऱ्यापैकी पगार असलेला, अविवाहित मुलगा रविवारी सकाळी अकरा वाजता सत्तर वर्षांपूर्वीच्या प्लास्टिकच्या तबकडीवरचे ओरखडे मोजतोय, हे कुठल्या आईला सांगायचं? मागे ती इथे राहायला आली होती तेव्हा शेल्फकडे बघून तिने एकच प्रश्न विचारला होता, "हे सगळं फोनवर ऐकू येत नाही का?" येतं ना. तिथेच तर सगळा घोळ आहे.

तर मंडळी, जाझचा नाद मला कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये लागला. त्यामागे काही थोर रसिकता वगैरे नव्हती. सबमिशनच्या आदल्या रात्री जागायला संगीत लागायचं, हिंदी गाणी लावली की शब्दांकडे लक्ष जायचं आणि ड्रॉइंग चुकायचं. एका सिनियरच्या हार्ड डिस्कमध्ये शब्द नसलेल्या गाण्यांचं एक फोल्डर होतं. त्यात माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्ल्यू' होता. चार वर्षं मी तो निव्वळ पार्श्वसंगीत म्हणून ऐकला. नोकरी लागल्यावर एका वीकांताला तो पहिल्यांदा नुसता ऐकला, दुसरं काहीही न करता, आणि मग मात्र काही खरं राहिलं नाही.

रेकॉर्ड्सकडे मात्र मी वळलो तो एका बगमुळे. हा अल्बम १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. तो स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं एक चर्च. पहिल्या दिवशी तिथलं टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली तर काय होईल? गाणं जरा जलद आणि स्वर जरा चढा. झालं, पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तशी छापली गेली आणि जगभर तशीच विकली गेली. दुरुस्ती झाली थेट १९९२ च्या आवृत्तीत. तेहेतीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये राहिलेला बग! आणि तोही तेहेतीसच्या स्पीडवर फिरणाऱ्या तबकडीत. हे वाचल्यावर मला ती चुकीची आवृत्तीच हवी झाली. आमच्या धंद्यात माणसं अशीच वाया जातात.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. 'व्हायनिलचा आवाज काय उबदार असतो' असं डोळे मिटून सांगणाऱ्यांपैकी मी नाही. मोजायला गेलं तर सीडी सगळ्या बाबतीत पुढे आहे. रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम कमी करून आणि वरचे स्वर वाढवून कोरतात, ऐकताना ॲम्प्लिफायर ते उलटं करून देतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटीमीटर खाचा सरकतात, लेबलजवळ पोचेपर्यंत तेच वीस-एकवीस होतात, म्हणजे प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं तांत्रिकदृष्ट्या कायम अन्याय सोसत असतं. वर धूळ, वर झीज. इंजिनियर म्हणून विचाराल तर हे डिझाईन रिव्ह्यूत पास होणार नाही.

पण वस्तू म्हणून? वस्तू म्हणून तिच्यासारखी बोलकी गोष्ट नाही. गाणं संपल्यावर लेबलच्या बाहेर जी मोकळी काळी पट्टी राहते, तिच्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. ब्ल्यू नोट कंपनीच्या रेकॉर्डवर तिथे 'आरव्हीजी' दिसलं तर तो रूडी व्हॅन गेल्डर. दिवसा चष्म्याचे नंबर काढणारा हा माणूस संध्याकाळी हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात जाझमधली सर्वोत्तम रेकॉर्डिंग्ज करत होता. पूर्णवेळ तेच काम त्याने धरलं १९५९ मध्ये, स्वतःचा नवा स्टुडिओ बांधल्यावर. त्याच पट्टीवर कानाच्या आकाराची एक खूण दिसली तर ती रेकॉर्ड प्लास्टिलाइट कारखान्यात दाबलेली. पुढे ब्ल्यू नोट लिबर्टी कंपनीने विकत घेतली आणि १९६६ मध्ये तो कान गेला. मग एकाच अल्बमच्या दोन प्रतींपैकी एकीला कान आहे आणि दुसरीला नाही, एवढ्यावर किमतीत दहापट फरक पडतो.

हे मला कसं माहीत? कान नसलेली प्रत कानाच्या भावात घेतली म्हणून. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून, महिन्याच्या भाड्याएवढे पैसे मोजून, वर कस्टम ड्युटी भरून. फोटोत लेबल झकास दिसत होतं. नेमक्या त्या पट्टीचा फोटो नव्हता आणि मी तो मागितला नव्हता. असो. त्या दिवशी ठरवलं की यापुढे डोळ्यांनी बघितल्याशिवाय रेकॉर्ड घ्यायची नाही आणि घेताना कोणाची भीडभाड ठेवायची नाही. दुसऱ्या निर्णयाबद्दल पुढे येतंच आहे.

डोळ्यांनी बघायचं म्हणजे काय बघायचं, याचंही शास्त्र आहे. रेकॉर्डच्या अवस्थेला श्रेणी देतात. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, मग गुड. यातलं 'गुड' म्हणजे प्रत्यक्षात 'घेऊ नका'. ज्यांनी आयटीतलं अप्रेझल भोगलंय त्यांना ही भाषा समजावून सांगायला नको. आमच्याकडे 'अपेक्षा पूर्ण करतो' हा शेरा मिळाला की माणूस त्याच संध्याकाळी रेझ्युमे अपडेट करायला घेतो. कव्हर फाटलं की श्रेणी खाली. लेबलवर कोणी पेनने काही लिहिलं असेल तर त्याला खास संक्षेप आहे, 'डब्ल्यूओएल', रायटिंग ऑन लेबल. किंमत खाली. थोडक्यात, रेकॉर्ड जितकी कमी ऐकलेली तितकी ती महाग. हा नियम मी बरीच वर्षं बिनडोकपणे पाळला.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. ऑफिसातल्या एका मित्राने सांगितलं की माहीमला त्याच्या मावशीच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट निघालंय, दुसऱ्या मजल्यावरच्या एक आंटी लेकीकडे वसईला राहायला चालल्यात आणि त्यांच्याकडे रेकॉर्डचा गठ्ठा आहे. रद्दीवाला दहा रुपये नग म्हणतोय. मी त्याच शनिवारी पोचलो.

आंटी पंच्याऐंशीच्या आसपास. ताठ, किडकिडीत, डोक्यावर पांढराशुभ्र बॉबकट. मूळच्या वांद्र्याच्या ईस्ट इंडियन, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. नवरा गोव्याचा, पंधरा वर्षांपूर्वी गेला. ट्रम्पेट वाजवायचा. रात्री हॉटेलात, दिवसा फिल्म स्टुडिओत.

हे ऐकून मी जरा सावरून बसलो. कारण मुंबईच्या जाझचा इतिहास म्हणजे नेमकी हीच माणसं. ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय कलाकारांचा बँड घेऊन आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या आसपास ज्यांनी हे वाजवणं उचललं त्यात गोवेकर मोठ्या संख्येने होते, कारण चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवलेलं असायचं. हॉटेलांवर पोट भागेना, त्यात मुंबई प्रांतात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि सिनेमावाल्यांना तर वाचून धडाधड वाजवणारी माणसं हवीच होती. आपल्या सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'तली ती उसळती ब्रास आठवा. तिच्यामागे चिक चॉकलेट होता. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' मिळालं तर जरूर वाचा, हा सगळा काळ त्यात आहे. चिक चॉकलेटचं निदान नाव तरी राहिलं. बाकीचे शेकडो जण रोज सकाळी वाद्याची पेटी घेऊन लोकल पकडायचे, शिफ्टप्रमाणे वाजवायचे आणि घरी यायचे. गाण्याच्या रेकॉर्डवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव. ट्रम्पेट कोणी वाजवला हे लिहायची पद्धतच नव्हती.

पण त्या शनिवारी माझं लक्ष इतिहासावर नव्हतं, गठ्ठ्यावर होतं. बेचाळीस एलपी. निम्म्याहून जास्त जिम रीव्ह्ज, नाताळची गाणी, बॉलरूम डान्सचे वॉल्ट्झ, कोकणीतल्या काही. मी चेहरा कोरा ठेवून एकेक चाळत गेलो आणि दोन ठिकाणी माझा हात थांबला.

पहिली, 'रागा जाझ स्टाइल'. एचएमव्हीने १९६८ मध्ये काढलेली. शंकर-जयकिशन यांची, पण सिनेमाची नव्हे. अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, आणि सोबत ड्रम्स, बेस, गिटार. जुनी प्रत हवी असणारे लोक देशात आणि बाहेरही पुष्कळ आहेत.

दुसरी, 'स्टडी इन ब्राउन'. क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांचं पंचक, १९५५, एमआर्सी कंपनीची. (मर्क्युरी रेकॉर्ड कंपनी, आद्याक्षरं एम, आर, सी. झालं नाव! आमच्या प्रॉडक्ट मॅनेजरने हेच केलं असतं.) लेबलवर ड्रमवाल्याचं चित्र, जाड अमेरिकन पुठ्ठा. भारतातली छपाई नव्हेच. आंटी म्हणाल्या, "तो नवऱ्याचा चुलत भाऊ तारवटी होता. बोटीवर. त्याने आणली."

क्लिफर्ड ब्राउनबद्दल दोन ओळी सांगायलाच हव्यात. ट्रम्पेटवर इतका स्वच्छ आणि इतका गोल आवाज क्वचित कोणाचा असेल. २६ जून १९५६ च्या रात्री पेन्सिल्वेनियात पावसात गाडी घसरून तो गेला. सोबत पियानिस्ट रिची पॉवेल आणि गाडी चालवणारी त्याची बायको, तीही गेली. ब्राउनचं वय पंचवीस. मी या वयात पहिल्या प्रमोशनसाठी मॅनेजरच्या मागे लागलो होतो.

तर मी ती रेकॉर्ड कव्हरातून काढली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. लेबलवर निळ्या बॉलपेनने '१६' असा आकडा, भोवती गोल. आणि पहिल्या बाजूच्या पहिल्याच गाण्यावर एक करडा, धुरकट पट्टा.

"आंटी, किती म्हणता?"

"सगळ्याचे पाच हजार दे."

आणि मी घासाघीस केली. काय काय बोललो ते आठवलं की आजही कान गरम होतात. कव्हरं कुजलीत म्हणालो. जिम रीव्ह्जला आता गिऱ्हाईक नाही म्हणालो (हे खरं होतं). मग ती रेकॉर्ड दाखवली. "हे बघा, लेबलवर लिहिलंय. दुकानदाराने सोळा रुपये किंमत टाकलीय वाटतं. असं काही लिहिलेलं असलं ना की किंमत निम्मी होते. आणि इथे घासलीय पार."

आंटींनी चष्मा लावून तो आकडा बघितला. "अक्षर त्याचं आहे," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं, साडेतीन दे. ट्रक बुधवारी यायचाय."

कोपऱ्यात टीपॉयवर त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर मेरीचा पुतळा. तो चालतो का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. मीही पुढे काही विचारलं नाही, कारण मला टॅक्सी थांबवून ठेवल्याची घाई होती.

घरी येऊन आठवडाभर धुणं चाललं. (रेकॉर्ड धुतात. हो, साबणाने. आईला सांगू नका.) 'रागा जाझ स्टाइल' चांगल्या अवस्थेत निघाली. माझ्याकडे तिची एक प्रत होती, म्हणून ही मी विकली. नऊ हजारांना. बेचाळीस रेकॉर्डचे साडेतीन हजार दिले होते आणि एकीचेच नऊ हजार आले. त्या रात्री मी भलताच खूश होतो आणि मित्रांना बिर्याणी खिलवली, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

'स्टडी इन ब्राउन' सगळ्यात शेवटी लावली. पहिलं गाणं 'चेरोकी'. रे नोबल नावाच्या इंग्रज बँडवाल्याने १९३८ मध्ये रचलेलं, पण बीबॉपवाल्यांनी ते पळवलं आणि त्याची कुस्तीची आखाडी केली. तुम्हाला वाजवता येतं का, हे बघायचं असेल तर चेरोकी लावतात. त्यातला मधला सोळा मापांचा भाग म्हणजे नुसती घसरण. दर चार मापांनी स्केल बदलत जातं, बी, मग ए, मग जी, एकेक स्वर खाली, आणि मग कशीबशी घरवापसी. वाजवायला एकही सोयीचं स्केल नाही. क्लिफर्ड ब्राउन ते मिनिटाला तीनशेहून जास्त ठोक्यांच्या वेगाने वाजवतो आणि वर सहज वाजवल्यासारखं वाटतं.

माझी प्रत सुरुवातीला छान वाजली. मग ट्रम्पेटचा सोलो आला आणि मध्येच पत्र्यावर पावसाची सर यावी तसा आवाज सुरू झाला. खरखर, खरखर. आणि तितकीच अचानक थांबली. पुढे पुन्हा स्वच्छ. तेनॉर सॅक्सोफोन स्वच्छ, पियानो स्वच्छ, ड्रम्स स्वच्छ. सगळी दुसरी बाजू स्वच्छ.

ओरखडा असा नसतो. ओरखडा आडवा जातो, दर फेरीला एकदा टक्क वाजतो. पूर्ण रेकॉर्ड घासली असती तर सगळीकडे खरखर असती. मग मी टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो. पट्टा दोन मिलिमीटर रुंद. म्हणजे साधारण अठरा-वीस खाचा. एका फेरीला १.८ सेकंद, म्हणजे तीस-पस्तीस सेकंदांचं संगीत. जुन्या प्लेअरची सुई आताच्या तिप्पट-चौपट वजनाने टेकायची. पण तरीही एवढ्याच तीस सेकंदांची अशी दैना व्हायला सुई तिथे किती वेळा ठेवली असेल? शेकड्यांत? हजारांत?

आणि लेबलवर तो गोलातला सोळा.

माझी ट्यूब पेटायला दोन दिवस लागले, आणि तीही ऑफिसात, एका कंटाळवाण्या कॉलवर. जुन्या प्लेअरना चार स्पीड असायचे. ७८, ४५, ३३ आणि १६! तो चौथा स्पीड भाषणं, पाठ वगैरेंसाठी होता, आता बहुतेकांना माहीतही नसतो. तेहेतीस म्हणजे खरं तर ३३⅓, आणि सोळा म्हणजे १६⅔. बरोबर निम्मं. ३३ ची रेकॉर्ड १६ वर लावली की वेग निम्मा होतो आणि प्रत्येक स्वर नेमका एक सप्तक खाली जातो. स्केल तेच राहतं. म्हणजे ट्रम्पेट हातात घेऊन, निम्म्या वेगाने, एकेक स्वर कानाने टिपून घेता येतो. ना नोटेशनचं पुस्तक, ना शिकवणारा, एक तारवट्याने आणलेली रेकॉर्ड आणि प्लेअरचा चौथा स्पीड.

ती किंमत नव्हतीच. ती स्वतःसाठी लिहिलेली सूचना होती. आणि मी ती दाखवून त्याच्या बायकोकडून दीड हजार रुपये कापून घेतले होते.

पुढचे काही आठवडे मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. की बाजारभाव म्हणजे बाजारभाव. की रद्दीवाल्याने चारशे वीसच दिले असते. (आकडा बघा कसा नेमका येतो.) की वस्तूचं मोल ज्याला कळतं तोच कमावतो. सगळं बरोबर होतं आणि रेकॉर्ड लावली की ती तीस सेकंदं यायचीच. मध्ये मी मोनो रेकॉर्डसाठीची वेगळी सुई आणली. सुईच्या टोकाचा आकार वेगळा असला की ती खाचेच्या भिंतीला थोडी वर किंवा खाली टेकते, जिथे जुन्या सुईने खाल्लेलं नसतं. खरखर निम्मी झाली. खाली ब्राउन जरा दिसायला लागला. पण माझं लक्ष आता ब्राउनकडे नव्हतंच, खरखरीकडे होतं.

शेवटी मित्राच्या मावशीकडून वसईचा पत्ता मिळवला. पाकिटात नऊ हजार घातले. मग विचार केला की माझीही काही मेहनत आहे, दोन हजार काढले. बोरिवलीला परत घातले. नायगावला वाटलं की दीड हजार घासाघिशीचेही द्यायला हवेत, पण तेवढे सुट्टे नव्हते. इतका हिशोब मी इन्कम टॅक्सचाही करत नाही.

आंटींनी दार उघडलं, ओळखलं. "काय रे, रेकॉर्ड परत आणलीस की काय? मी घेणार नाही हां."

मी सगळं सांगितलं. नऊ हजारांचं, सोळाचं, सगळं. त्यांनी पाकीट घेतलं, उघडलं, तिथल्या तिथे नोटा मोजल्या. दोनदा. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या. "तू ती बघितलीस तेव्हा तुझा श्वास थांबला होता. म्हटलं, कार्ट्याला काहीतरी गावलंय." मग आत हाक मारून लेकीला चहा ठेवायला सांगितलं.

मी विचारलं, अंकल हे वाजवायचे का? चेरोकी?

"ते नाव मला नाही माहीत. मला ती म्हैस माहीत आहे. साठ-एकसष्टची गोष्ट, लग्न नवीन होतं. स्टुडिओतून आला की जेवायचा आणि ती म्हैस लावायचा. ऑं... ऑं... रोज. मोठी पोटात होती माझ्या. खालचे लोक वर यायचे भांडायला. मी एकदा म्हटलं, फेकून देते खिडकीतून."

"मग जमलं का त्यांना?"

"कुणास ठाऊक. कुठे वाजवणार? हॉटेलात लोकांना चा-चा-चा पाहिजे, स्टुडिओत कागदावर असेल ते."

मी फोनवर तो तुकडा घेऊन गेलो होतो. माझ्याच प्रतीवरून भरलेला, सॉफ्टवेअरमध्ये निम्म्या वेगावर आणलेला, सप्तकही खाली. लावला. ट्रम्पेट कुठला, खरंच म्हैस हंबरत होती, आणि तिच्यावर ती पावसाची सर.

आंटी पहिल्यांदा हसल्या. "हीच. हीच ती." मग हसायच्या थांबल्या. मांडीवरच्या बोटांनी ताल नव्हता धरलेला, नुसती बोटं ताणून बसल्या होत्या. मिनिटभर गेला असेल. अचानक त्यांनी उजवा हात वर उचलला, हवेतच, चिमटीत काहीतरी धरल्यासारखा. "इथे उचलायचा."

आणि पुढच्या सेकंदाला खरखर थांबली. ट्रम्पेट स्वच्छ झाला. माझा तुकडा तिथून पाचच सेकंदांनी संपत होता.

आंटींचा हात तसाच वर होता. "पुढे काय आहे?" म्हणाल्या. "पुढचं लाव की. पुढचं मी कधी ऐकलंच नाही."

माझ्याकडे पुढचं नव्हतं. फोनवर शोधायला गेलो तर त्या खोलीत नेटवर्क एक काडी, तीही येऊन-जाऊन. लेकीने वायफायचा पासवर्ड विचारून येते म्हणाली, नातू क्लासला गेला होता, पासवर्ड त्यालाच माहीत. एवढ्यात चहा आला. चहाबरोबर घरचा केक.

म्हटलं, आंटी, फोनवर कशाला, मी रेकॉर्डच घेऊन येतो. सुरुवातीपासून ऐका.

"तेहेतीसवर लाव पण," म्हणाल्या.

तर येत्या रविवारी टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेऊन वसईला जायचंय. टॅक्सीवाला तिकडे यायला जे मागतोय त्यात एक कानवाली ब्ल्यू नोट येईल. रविवारी सकाळी विरार फास्टला गर्दी कितपत असते, आणि लगेजच्या डब्यात टर्नटेबल चालतो का? कोणी नेला असेल तर जरूर कळवा.